भाऊ, कितला दिन शेतस?

मस्कतच्या विमानतळावर काउंटरमागच्या तरुण अधिकाऱ्याने आमच्या दोघांचे पासपोर्ट चाळले, स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "खल्लास?"

"खल्लास," मी म्हणालो.

त्याने शिक्का मारला. फायनल एक्झिट. एकोणतीस वर्षं मी तिथल्या एका वीजकेंद्रात टेक्निशियन होतो. दर दोन वर्षांनी राहण्याची परवानगी नव्याने घ्यायची, ती मिळाली की मगच घराला नवे पडदे घ्यायचे, असं आमचं तिथलं आयुष्य. साठी आली आणि परवानगी संपली. आत शिरण्याआधी बाहेर शेजारचं केरळी कुटुंब निरोप द्यायला आलं होतं. त्यातल्या बाईने मंगलाला, म्हणजे माझ्या बायकोला, मिठी मारली आणि दोघी अशा रडल्या की येणारेजाणारे थांबून बघायला लागले. आता पुन्हा भेट नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

तिथून आम्हाला कायमचा निरोप मिळाला. इथं मात्र आम्ही कायमचे आलो आहोत हे कुणाला पटेना. तुमच्यातले जे अजून तिकडे बसून निवृत्तीचे दिवस मोजत आहेत त्यांच्यासाठी, आणि जे इथंच राहिले त्यांच्यासाठीही, हे लिहितो आहे.

अमळनेरला धुळे रस्त्याच्या बाजूला एका कॉलनीत आम्ही घर बांधून ठेवलं होतं. माझं गाव तिथून बसने अर्ध्या तासावर. तिथं धाकटा भाऊ गोकुळ शेती करतो. फेब्रुवारीत आम्ही उतरलो, घराची जाळीजळमटं काढली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने पिशवी हातात देता देता विचारलं, "काय भाऊ, कवय उनात? कितला दिन शेतस?"

कधी आलात, किती दिवस आहात. आमच्याकडे परगावाहून आलेल्या माणसाशी बोलणं याच दोन प्रश्नांनी सुरू होतं. मी हसून म्हणालो, "आता इथंच." तोही हसला. म्हणाला, "मस्त. उन्हाळा कडक असतो पण इकडं. मेच्या आत निघा."

पहिले दोन महिने मला याची गंमत वाटायची. दूधवाल्याला रोजचा रतीब लावायला सांगितला, तर तो म्हणाला, "लावू की, जेवढे दिवस आहात तेवढे दिवस." न्हाव्याने खुर्चीत बसवून सांगितलं, "तिकडं कटिंग चांगली करत नाहीत, नाही का?" कॉलनीच्या देवळाच्या मंडळात माझं नाव घ्या म्हणून मी स्वतः गेलो. अध्यक्षांनी चहा पाजला, खांद्यावर शाल घातली, फोटो काढला. नाव मात्र घेतलं नाही. "तुम्ही आमचे पाहुणे," ते म्हणाले. "तुम्हाला कशाला कामाला लावायचं?" त्यात मुलगी लग्न होऊन कॅनडात आहे, हे कळलं की विषयच संपायचा. "मग तर तुम्ही तिकडेच जाणार."

मंगलाची गंमत माझ्या आधी संपली. एप्रिलमध्ये आमच्या गल्लीत बिबडे करायला सुरुवात झाली. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. पहाटे मोठ्या पातेल्यात ज्वारीच्या पिठाचा घाटा शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत तो धोतराच्या ओल्या फडक्यावर थापून वाळत घालायचा. एकट्या बाईचं काम नाही ते. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या, अशा सगळ्या बायका एकमेकींकडे जातात. मंगला धुळ्याकडच्या खेड्यातली. घाटा ढवळण्यात तिचा हात धरणारी कुणी नव्हती, असं ती स्वतःच सांगते आणि मी ते खरं मानतो. रोज सकाळी ती जुनं लुगडं नेसून तयार राहायची. तिला कुणी हाक मारली नाही. आठवड्याने समोरच्या अक्का आल्या, हातात ताट. पन्नासेक बिबडे, दोन दोन पिशव्यांत घालून वरून चिकटपट्टीने गच्च बांधलेले.

"तिकडं न्यायला," अक्का कौतुकाने म्हणाल्या. "विमानात मोडायला नकोत म्हणून नीट बांधलेत."

मंगलाने ताट घेतलं, त्यांना बसवलं, चहा केला. त्या गेल्यावर तिने ती चिकटपट्टी दातांनी तोडली आणि एकामागून एक सगळे बिबडे तळले. आम्ही दोघं किती खाणार? टेबलावर ढीग पडला होता आणि ती तळतच होती.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "मी तिकडं आजारी होते तेव्हा कोण कुठली ती केरळची बाई माझ्या घरात येऊन माझी भांडी घासून गेली. इथं मला कुणी आपलं भांडं हातात देत नाही."

मी ढिगातला एक बिबडा उचलला आणि खात राहिलो. मला एक गोष्ट हळूहळू दिसायला लागली होती, आणि ती सांगायला जड जातं. पाहुणा व्हायला मला कुणी लावलं नव्हतं.

भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रात अप्रेंटिसशिप आणि पुढे दहा वर्षं काम करून मी मस्कतला गेलो तेव्हा गोकुळ बारावीत होता. माय अमळनेरच्या स्टँडवर आली होती, वडील, म्हणजे आबा, आले नव्हते. कापूस वेचणीला आला होता. मायने एवढंच सांगितलं, "जेवाले टाइमवर जेवजो." दोन वर्षांनी मी पंचेचाळीस दिवसांच्या रजेवर आलो, तेव्हा माझ्यासाठी खाटेवर नवी चादर होती, अंगणात लोखंडी खुर्ची होती. ती खुर्ची शेजारून मागून आणली होती. मी बॅगेतून अत्तर, पावडर, बॅटऱ्या, चॉकलेटं काढायचो आणि भोवती माणसं जमायची. मला ते आवडायचं. गोकुळ बैल सोडायला निघाला की मी म्हणायचो, "थांब रे, मी येतो," आणि माय म्हणायची, "तू बस. चार दिन उना शे." मी बसायचो. दर वेळी बसलो. आबांच्या आजारपणात गोकुळ त्यांना धुळ्याच्या दवाखान्यात नेत-आणत होता आणि मी फोनवर डॉक्टरला चार इंग्रजी प्रश्न विचारत होतो. आबा गेले, मला पोचायला तीन दिवस लागले. माय गेली, पाच दिवस. तिचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी गाडीत बसलो, कारण रजा तेवढीच होती.

हे सगळं माझ्या डोक्यात होतं, पण ते गोकुळच्याही डोक्यात असेल असं मला कधी वाटलं नाही. मी फोन केला की तो व्यवस्थित बोलायचा. भाऊ म्हणायचा. गावाला गेलो की तीच खुर्ची पुढे करायचा. आता ती घरचीच होती, प्लास्टिकची.

मग श्रावण आला. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई बसते. नारळाला मुखवटा, नथ, लुगडं घालून देवी मांडतात, रविवारी पूजा आणि सोमवारी नदीवर बोळवण. पण कानबाईचा खरा जीव रोटांत असतो. रोट म्हणजे जाड पोळी. आदल्या दिवशी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू आणि सव्वा मूठ हरभऱ्याची डाळ मोजून घेतात. त्याचंच दळण, त्याचेच रोट. ते घरच्यांनीच खायचे, घराबाहेर जाऊ द्यायचे नाहीत, उरू द्यायचे नाहीत. निदान आमच्या घरात असंच चालत आलंय. एकोणतीस वर्षांत मी एकदाही कानबाईला घरी नव्हतो. माझी रजा दिवाळीत असायची, नाहीतर मेमध्ये.

शनिवारी दुपारी मी एकटाच गावाला गेलो. मंगला रविवारी येणार होती. ओसरीवर गोकुळची बायको सिंधू रिकामं सूप झटकत होती. मला पाहून तिने पदर सारखा केला, आत आवाज दिला आणि खुर्ची आणली. मी खुर्चीवर न बसता पायरीवर बसलो.

"दळण मोजून झालं का?" मी विचारलं.

"झालं भाऊ. गिरणीत गेलं."

"किती मुठी झाल्या यंदा?"

ती गडबडली. बोटं मोजल्यासारखी केली. "हे, आमची दोन्ही पोरं, नातू. चार."

मी मनात मोजलं. पाच व्हायला हव्या होत्या. मी हसण्यावारी नेण्याचा प्रयत्न केला. "अगं, मी राहिलो की."

तेवढ्यात गोकुळ हातपाय धुऊन बाहेर आला. सिंधू घाईघाईने म्हणाली, "भूल पडली भाऊ. आम्हाला वाटलं तुम्ही तोवर गेलेले असाल. आता दळणात हात घालता येत नाही, एकदा मोजलं की मोजलं."

"बरं बरं," मी म्हणालो. "एवढं काय त्यात."

गोकुळ टॉवेलने तोंड पुसत होता. त्याने टॉवेल खांद्यावर टाकला आणि सिंधूला म्हणाला, "तू आत जाय." ती गेल्यावर तो माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"भूल नही पडनी भाऊ. ती मूठ मीच काढी."

खांद्यावरचा टॉवेल त्याने हातात घेतला.

"माय व्हती तोपावत दर साल तुम्हनी मूठ ती मोजे. लोके म्हनेत, तो मस्कतमा शे, त्याना रोट कोन खाई? ती म्हने, तो आठे नही, पन त्यानी मूठ आठेच शे." आठे, म्हणजे इथं. पुढचं मात्र तो आमच्या शाळेतल्या मराठीत बोलला, परक्या माणसाशी बोलावं तसं. "रोट टाकता येत नाही, बाहेर देता येत नाही. तुमच्या वाट्याचे रोट मी खायचो. दर वर्षी. पोट फुगायचं, पण मायसमोर खायचो. मग माय गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही गाडीत बसलात. त्या वर्षी कानबाई आली तेव्हा मी सिंधूला सांगितलं, आता मोजायचं कुणासाठी?"

"आता तर मी आलोय ना," मी म्हणालो. माझा आवाज मलाच लहान मुलासारखा वाटला.

"आलात," तो म्हणाला. "सगळे म्हणतात किती दिवस. मलाही माहीत नाही किती दिवस. कॅनडात पोरगी आहे. तुम्हाला इथलं पाणी सोसत नाही, पंधरा दिवस पोट धरून होतात. उद्या निघालात तर मी काय करू? परत दोघांचं खाऊ?"

त्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो. मी उठलो, चपला घातल्या. सिंधू चहा घेऊन दारात आली होती. मी दोन घोट घेतले, कप तिच्या हातात दिला आणि मिळेल त्या बसने अमळनेरला परतलो. खिडकीतून दोन्ही बाजूंना कापसाची गुडघ्याएवढी रोपं दिसत होती. दुकानदार, न्हावी, देवळाचे अध्यक्ष यांना माझी माहिती नाही म्हणून ते चुकतात, असं मी इतके महिने धरून चाललो होतो. ज्याला माझी सगळी माहिती होती तोही तेच म्हणत होता.

मंगलाला मी सगळं सांगितलं. ऐकून ती निवडलेली मेथी परत निवडत बसली. मग म्हणाली, "उद्या जायचं."

"कुणाच्या वाट्याचं खायला?"

"माझी मूठ कुठं होती इतकी वर्षं? तुमच्या मायची तरी होती का? आम्हा बायकांची मूठ कुणी मोजत नाही. तरी रोट आम्हीच थापतो आणि खातोही. तुमची एक वर्ष चुकली तर गाव सोडून निघालात."

रविवारी आम्ही गेलो. मंगला सरळ स्वयंपाकघरात शिरली, परात ओढली आणि सिंधूला म्हणाली, "सरक जरा." सिंधूने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि सरकली. जेवताना गोकुळने माझ्याकडे न बघता त्याच्या पानातला रोट मोडला आणि अर्धा माझ्या पानात ठेवला. मी खाल्ला.

सोमवारी सकाळी बायका कानबाईला डोक्यावर घेऊन नदीकडे निघाल्या. वाटेत फुगड्या चालल्या होत्या. गावातल्या एका जुन्या वर्गमित्राने मला गाठलं. "काय रे, खास कानबाईसाठी आला? तिकीट कवयनं शे?"

गोकुळ चार पावलं पुढे होता. त्याने ऐकलं, हे मला त्याच्या पाठीवरून कळलं.

"तिकीट नाही," मी म्हणालो. "इथंच राहतो."

"असं बठ्ठाच म्हनतस, सगळेच," वर्गमित्र हसून म्हणाला आणि पुढे गेला. गोकुळने मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर मी गावाला जात राहिलो. बोलावलं म्हणून नाही. आठवड्यातून दोनदा जायचो, खुर्ची पुढे आली की बाजूला सारायचो. सुरुवातीला सगळ्यांनाच अवघड व्हायचं. सिंधूला वाटायचं मी वाट्याबद्दल बोलायला येतो. ते मी एक दिवस स्पष्ट सांगून टाकलं, की जमीन तुम्ही कसली, तुमचीच. हिवाळ्यात विहिरीवरची मोटर जळाली. मी दिवसभर उकिडवं बसून ती खोलली, जळालेली वायंडिंग काढली, धुळ्याला जाऊन सामान आणलं आणि दुसऱ्या दिवशी पाणी सुरू केलं. एवढी वर्षं मोठ्या यंत्रांवर काम केलं, पण दंडातून, त्या मातीच्या पाटातून, गव्हाकडे पाणी जाताना पाहून जे वाटलं ते तिकडे कधी वाटलं नव्हतं. गोकुळ दंडाचं पाणी वळवत होता. फावडं चिखलात रोवून त्याने विचारलं, "भाऊ, श्रावणमा आठेच शेतस ना?"

हाच प्रश्न मला वर्षभर सगळ्यांनी विचारला होता. पण याच्या विचारण्यात मला भीती ऐकू आली, निदान मला तसं वाटलं. मी म्हणालो, "आठेच शे." खूप वर्षांनी ही भाषा माझ्या तोंडातून न अडखळता निघाली.

आणि मार्चमध्ये मुलीचा फोन आला. तिला दिवस गेले आहेत, बाळंतपण श्रावणातच येतं. तिथं नवऱ्याशिवाय तिला कुणी नाही. "बाबा, दोनच महिने या," ती म्हणाली. "मग परत घरी जा." पोरीचं काही चुकलं नव्हतं. मी तिच्या वेळी असाच तिकडे होतो आणि मंगला माहेरी, धुळ्याकडे, एकटी बाळंत झाली होती. आता पोरीच्या वेळीही मी नसलो तर मी बाप म्हणून काय केलं, आणि गेलो तर गोकुळला काय तोंड दाखवू, या दोन टोकांत मी आठवडे काढले. मंगला माझ्याशी नीट बोलत नव्हती. एकदा ती म्हणाली, "सव्वा मुठीसाठी नातवंडाला सोडताय." ते खरंही होतं आणि तसं नव्हतंही.

शेवटी मुलीला मी सांगितलं, आई येईल, मी थंडीत येईन. ती "बरं" म्हणाली आणि फोन लवकर ठेवला. ते "बरं" मी ओळखतो. मी परदेशातून "या वेळी जमत नाही" म्हणायचो तेव्हा मायही असंच "बरं" म्हणायची.

काल मंगलाला जळगाव स्टेशनवर गाडीत बसवून दिलं. मुंबईपर्यंत तिचा भाचा सोबत आहे. फलाटावर कॉलनीतले एक गृहस्थ भेटले, बॅगा पाहून म्हणाले, "निघालात का? संपली सुट्टी?" मंगलाने बॅग उचलून डब्यात ठेवली. गाडी हलली तेव्हा तिने खिडकीतून एवढंच सांगितलं, "दुधाचा रतीब बंद करू नका." गाडी गेली. इतकी वर्षं मी नेहमी गाडीत असायचो. फलाटावर मागे राहिलेल्या माणसाने गाडी दिसेनाशी झाल्यावर काय करायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि मग बस पकडली.

घर कुठलं, असं मला विचाराल तर मस्कत नाही, हे नक्की. अमळनेरच्या या घरात आज मी एकटा आहे. गावचं घर गोकुळचं आहे. परवा शनिवार, दळण मोजायचा दिवस. गोकुळचा फोन आलेला नाही. पाहुण्याला निरोप पाठवावा लागतो, घरच्या माणसाला कुणी पाठवत नाही. यातला मी कोण म्हणून फोन आला नाही, ते परवा कळेल. मी सकाळच्या पहिल्या बसने जाणार आहे.